दाराकडं की देवाकडं

ज्या बाईची भाकरी ‘दहिने मूड, बाये मूड’वर चालते तिला उजवं-डावं कळेनासं व्हावं, ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नाही. मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. रोज सकाळी माझ्या एका आरोळीवर अख्खं मैदान वळतं. पण घरी नळ बंद करायचा झाला किंवा बरणीचं झाकण काढायचं झालं की माझा हात मध्येच थांबतो आणि मी आधी दार कुठं आहे ते बघते. मग देव कुठं आहेत ते बघते. नवरा विचारतो, “काय शोधतेयस?” आता त्याला काय सांगायचं! हे सगळं घाटनांदूरच्या महालिंगअप्पांचं देणं आहे.

अप्पांचं स्टेशनकडच्या रस्त्याला हार्डवेअरचं दुकान होतं. नट-बोल्ट, साखळ्या, दोरखंड, मोटारीचे वायसर, कोयते, रंगाचे डबे. मी गावात नोकरीला आले तेव्हा अप्पांनी सत्तरी ओलांडली होती. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग आणि अंगावर पांढरं धोतर. त्या धोतरावर ग्रीसचा एक डाग कधी दिसला नाही, हे कसं, ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही. मी नुसते खिळे आणायला गेले तरी माझ्या ओढणीला काळं लागायचं.

पण अप्पांचं नाव होतं ते अडकलेल्या पेचांसाठी. गंजलेला असो, डोकं झिजलेला असो, दहा जणांनी झटून सोडून दिलेला असो, तो शेवटी अप्पांपुढं यायचा. ‘अडकला’ हा शब्द ते वापरत नसत. “रुसलाय,” म्हणायचे. रॉकेलचे दोन थेंब सोडायचे, छोट्या हातोडीनं टकटक करून कान लावायचे आणि “आज न्हाई म्हणतोय. उद्या या,” असं सांगून माणसाला वाटेला लावायचे. दुसऱ्या दिवशी पेच निघायचा. अंगातला जोर दाखवणाऱ्यांचा त्यांना भारी राग होता. “कावून झगडतो बे त्याच्यासंगं? त्यो काय तुझा भाऊबंद हाय का?”

त्यांची आणखी एक रीत होती. सोडवायच्या आधी पेच किंचित आवळायचा. “काढायच्या आधी थोडं आत सारावं,” ते म्हणत. “त्याला वाटतं, ह्यो मला काढायला आलाच न्हाई. बेसावध होतो.” मला ही थट्टा वाटायची. पुढं एका फिटरनं सांगितलं की ही खरीच युक्ती आहे, त्यानं आट्यांमधला गंज तडकतो.

आता मुख्य घोटाळ्याकडं येते. अप्पांना उजवं-डावं कळत नसे. गंमत नाही करत, खरंच कळत नसे. जेवायचा हात आणि दुसरा हात, इथं त्यांचा भूगोल संपायचा. दुकानात गादी एका भिंतीला लागून होती. तिच्यावर बसलं की डाव्या अंगाला रस्त्याकडचं दार यायचं आणि उजव्या अंगाला कोनाड्यातले देव. डावं-उजवं हे मी तुमच्यासाठी सांगते आहे. अप्पांचा हिशेब वेगळा. पेच सोडवायचा तर दाराकडं फिरवायचा आणि आवळायचा तर देवाकडं. पन्नास वर्षं त्यांनी हेच केलं होतं आणि त्यात कधी चूक झाली नव्हती.

मी एकदा त्यांना घड्याळाच्या काट्यांवरून समजवायला गेले. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं त्यांनी बराच वेळ निरखून बघितलं. मग मला विचारलं, “वरच्या अंगाला काटा देवाकडं जातोय, अन् खालच्या अंगाला दाराकडं. मंग जातोय कुठं म्हणायचं त्यो?” घड्याळाचा नाद मी तिथंच सोडला.

माझी पहिली फजिती तर फोनवर झाली. भाड्याच्या खोलीतला नळ एकाएकी उसळला, पाणी थेट माझ्या तोंडावर. वरची चावी कुणीकडं फिरवायची ते कळेना, म्हणून मी अप्पांना फोन लावला.

“देवाकडं फिरवा बाई, बंद होतंय.”

माझ्या खोलीत देव होते दाराच्या वर, फळीवर. मी फोन खांद्यात धरून भिजत जागच्या जागी गोल फिरले. “अप्पा, माझे देव दारातच आहेत!”

मग अगदी काळजीच्या आवाजात ते म्हणाले, “असं कसं ठेवलं बाई? मंग तुमी आजवर नळ बंद कसा केला?”

या हिशेबात एक मोठी अडचण होती. तो फक्त अप्पांच्या गादीवरून चालायचा. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं दाराकडं फिरवलं तर पेच सैल व्हायच्या ऐवजी आवळला जायचा. म्हणून गावात एक रिवाजच पडला होता. ज्याला स्वतःच्या हातानं पेच फिरवायचा आहे त्यानं सरळ अप्पांच्या गादीवर जाऊन बसायचं आणि अप्पांनी उठून शेजारी उभं राहायचं. दुसऱ्या दुकानांत गिऱ्हाइकाला स्टूल मिळायची मारामार, इथं मालकाची गादी मिळायची. गावातला निम्माशिम्मा माणूस कधी ना कधी त्या गादीवर बसलेला आहे.

बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन बसणाऱ्या रखवालदाराला मात्र हे ठाऊक नव्हतं. तो चकलांब्याचा, फौजेतून निवृत्त होऊन आमच्या गावात नवा आलेला. त्याच्या बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, हलायला लागला म्हणून तो अप्पांकडं आला. बंदूक रिकामी आहे हे अप्पांनी त्याला तीनदा दाखवायला लावलं आणि नळीवर पंचा टाकला.

“माझ्या गळ्यात लिंग हाय, जीव घेणारी नळी नजरंसमोर नको. मला नुसतं लाकूड दाखवा,” अप्पा म्हणाले. “पेच तुमीच फिरवा, मी सांगतो. देवाकडं.”

रखवालदारानं समोर उभ्या उभ्या देवाकडं फिरवला. फिरवतच राहिला. थोड्या वेळानं दस्ता त्याच्या एका हातात आला आणि बाकीची बंदूक दुसऱ्या हातात.

“मेजर, देवाकडं म्हणलं की तुमाला!”

“देवाकडंच फिरवला! डोळे हायेत ना तुमाला?”

दोघंही खरं बोलत होते. माणसं जमली. फौजी माणूस, त्याचा आवाज चढला. अप्पांनी आवाज चढवला नाही. ते गादीवरून उठले आणि म्हणाले, “हिकडं या. बसा हितं.” मेजर बसला. पुन्हा देवाकडं फिरवला आणि दस्ता गच्च बसला. मेजरनं बंदुकीकडं बघितलं, देवाकडं बघितलं, आणि हात जोडून निघून गेला. त्याला काय समजलं कुणास ठाऊक. पुढं तो येता-जाता देवाच्या कोनाड्याला नमस्कार करायचा.

दरवर्षी अप्पा कपिलधारच्या यात्रेला पायी जायचे. एका वर्षी परतीच्या गर्दीत त्यांची आणि बरोबरच्या मंडळींची चुकामूक झाली. परत न्यायला आलेल्या गाडीवाल्याला त्यांनी फोन केला, “मी देवाकडं हाय. गाडी दाराकडं लाव.” कपिलधारला त्या दिवशी कोण देवाकडं नव्हतं? दोन तास शोधाशोध झाली. अप्पा सापडले तेव्हा त्यांनाच सगळ्यांचा राग आला होता.

मग रस्ता रुंद झाला. दुकानाची पुढची बाजू त्यात गेली. अप्पांचा मुलगा विश्वनाथ हुशार आणि धडपड्या. रस्ता उंबऱ्याला टेकला म्हणून त्यानं मागच्या गल्लीकडून, जुन्या कोनाड्याच्या जागी, नवं दार काढलं. जुन्या दाराच्या जागी भिंत घातली आणि त्या भिंतीत देवांसाठी संगमरवरी कोनाडा केला. गादी मात्र जिथल्या तिथं राहिली, कारण तिच्यामागं भिंतभर लाकडी खण होते आणि अप्पा मागं न बघता हात घालून त्यांतून हवा तो बोल्ट काढत.

म्हणजे दारानं आणि देवानं जागा बदलल्या. मी लिहिते आहे म्हणून तुम्हाला हे लगेच दिसतंय. आमच्यापैकी कुणालाही ते वर्षभर दिसलं नाही.

आधी पिठाच्या गिरणीचा बोल्ट तुटला. अप्पांच्या हातून पेच तुटला ही बातमी गावात दुपारपर्यंत फिरली. मग एका ट्रॅक्टरच्या चाकाचा बोल्ट तुटला. मग कुणाच्या तरी शिलाई मशीनचा पेच. लोक अप्पांना तोंडावर काही म्हणायचे नाहीत. बाहेर येऊन म्हणायचे, “वय झालं.” मीही म्हणाले. हे इतकं सोयीचं कारण होतं की दुसरं शोधायची कुणाला गरजच वाटली नाही. गुडघ्यांनी त्रास दिला म्हणून अप्पांचं उठून उभं राहणंही बंद झालं होतं, त्यामुळं गादीवर दुसरं कुणी बसेना. अवघड कामं हळूहळू पलीकडच्या गॅरेजमध्ये जाऊ लागली.

मी गेले की अप्पा तळहात उघडून बघत बसलेले असायचे. “हात फितूर झाला बाई,” म्हणायचे. एकदा त्यांनी भलतंच काही सांगितलं. “परवा एक पेच आवळता आवळताच निघाला. काढायला गेलतो न्हाई, नुसता आत सारत हुतो. निघाला! असं कधी झालं न्हवतं.” मी मान हलवली. म्हातारं माणूस, काहीतरी बोलतंय, असं मला वाटलं. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

अशात माझं काम निघालं. लातूरच्या एका नेमबाजानं आमच्या शाळेला आपली जुनी छर्ऱ्याची रायफल दिली होती. नववीतली सोनाली तिच्यावर चांगला नेम धरायची, पण तिचा हात आखूड आणि दस्ता लांब. गाल नीट टेकेना, खांदा अवघडून दुखायचा. सोमवारी निवड चाचणी होती. सुतार दोन बोटं लाकूड कापून द्यायला तयार होता, पण दस्त्याच्या पोटातून जाणारा लांब बोल्ट आधी काढायला हवा होता. तो निघेना. शिपायानं प्रयत्न केला, माझ्या नवऱ्यानं केला, सुतारानं केला. तिघांनी मिळून डोक्यावरची खाच निम्मी खाऊन टाकली.

गुरुवारी मी रायफल घेऊन दुकानात गेले. विश्वनाथनं मला दारातच गाठलं आणि हळू आवाजात म्हणाला, “बाई, अप्पांना नका देऊ. लातूरला न्या. तुटला तर त्यांच्या जिवाला लई लागतं.”

हळू म्हणाला, पण अप्पांचे कान हातोडीची टकटक ऐकणारे.

“आणा हिकडं,” गादीवरून आवाज आला. मी रायफल पुढं केली. अप्पा विश्वनाथकडं बघत होते. “विश्वा, ह्यो निघाला न्हाई तर मी गादीवरनं उठतो. पुन्यांदा पेचकस हातात धरणार न्हाई. बाई साक्षीला हायेत.”

विश्वनाथ माझ्याकडं असा बघत राहिला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. कशाला आले मी इथं? लातूर काय फार लांब होतं?

शनिवारी दुपारपर्यंत बोल्टाच्या पोटात रॉकेल मुरलं होतं. अप्पांनी नळीवर पंचा टाकला, रायफल उलटी करून गुडघ्यांत धरली, लांब पेचकस दस्त्याच्या भोकात सोडला. त्यावर हातोडीनं हलकेच टकटक केली. कान लावला. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. “तयार हाय,” म्हणाले. मी समोर गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले होते. विश्वनाथ रंगाचे डबे लावायचं नाटक करत होता.

“आधी जरा देवाकडं,” अप्पा पुटपुटले आणि पेचकस किंचित फिरवला.

कर्रकन आवाज झाला. पेच हलला! मी टाळीच वाजवणार होते. अप्पा पण हसले. “आता दाराकडं.”

दाराकडं फिरवला आणि तो पुन्हा गच्च बसला. अप्पांच्या कपाळावर आठी आली. पुन्हा देवाकडं, पेच हलला. पुन्हा दाराकडं, गच्च. तिसऱ्या वेळी त्यांनी जोर केला. ज्या माणसानं आयुष्यभर जोर करणाऱ्यांना शिव्या घातल्या तो दात आवळून जोर करत होता. पेचकस खाचेतून सटकला आणि खाचेचा आणखी थोडा चुरा पेचकसाबरोबर धोतरावर सांडला.

“असं का करतोय ह्यो?” ते मला विचारत होते. “आत जाताना हलतोय अन् भायेर येताना न्हाई. बाई, मला समजंना झालंय.”

विश्वनाथ पाठमोराच होता.

अप्पांनी रायफल माझ्याकडं ढकलली. “तुमी बघा. तुमचे हात जवान हायेत. दाराकडं फिरवा.”

रिवाजाप्रमाणं मी गादीवर जायला हवं होतं, पण त्यांना उठवायचा मला धीर झाला नाही. मी स्टुलावरच रायफल गुडघ्यांत धरली. दार कुठं आहे ते बघितलं, पेचकस दाराकडं फिरवला. बोल्ट हलला. आणखी फिरवला, आणखी हलला. मग तो नुसता बोटांनी फिरायला लागला आणि रायफल कलती करताच वीतभर लांब, तांबूस बोल्ट माझ्या मांडीवर येऊन पडला.

अप्पांनी पुढं वाकून बोल्टाकडं बघितलं.

“कुणीकडं फिरवला?” अप्पांनी विचारलं.

“दाराकडं. तुम्ही म्हणालात तसा.”

“मी बी दाराकडंच फिरवत हुतो.”

“हो.”

मग अप्पांनी बसल्या बसल्या एक हात दाराकडं लांब केला आणि दुसरा देवाकडं. मीही का कोण जाणे तसेच हात लांब केले. समोरासमोर आम्ही दोघं कवायतीला उभे असल्यासारखे हात पसरून बसलो होतो. अप्पा स्वतःच्या दाराकडच्या हाताकडं एकटक बघत होते.

“जेवायचा हात दाराकडं कसा आला?” ते म्हणाले.

विश्वनाथच्या हातातला डबा खाली पडला. आधी तो हसला, मग मी हसले, आणि हसताना माझे डोळे भरून आले. अप्पांचा हात चांगला होता! वर्षभर चांगलाच होता!

अप्पा हसले नाहीत. “म्हंजी गिरणीचा बोल्ट मी आवळून तोडला,” ते सावकाश म्हणाले. “ट्रॅक्टरचा बी. शिलाई मशीनचा बी.” मग त्यांनी आमच्या दोघांकडं बघितलं. “एवढी माणसं समोर बसून बघत हुती. कुणाला दिसलं न्हाई?”

काय सांगणार? आम्ही पेचाकडं बघतच नव्हतो. आम्ही अप्पांचे पांढरे केस बघत होतो. मला त्या क्षणी जितकी लाज वाटली तितकी क्वचित कधी वाटली असेल.

“जाऊ द्या अप्पा,” विश्वनाथ म्हणाला. “निघाला ना? बसा निवांत गादीवर.”

“निघाला म्हणायचा का न्हाई, तेच बघतोय मी. माझ्या हातनं न्हाई निघाला. बाईंच्या हातनं निघाला.”

“पण सांगितलं तुमीच ना, दाराकडं म्हणून?”

“सांगितलं मीच,” अप्पा म्हणाले, आणि नळीवरचा पंचा ओढून घेतला. मी बोल्ट आणि रायफल घेऊन सुताराकडं गेले. सोमवारी सोनालीनं कापलेल्या दस्त्यावर गाल टेकवून नेम धरला. निवड झाली नाही. खांदा मात्र पहिल्यांदाच दुखला नाही म्हणाली.

दोन महिन्यांनी माझी बदली झाली. निरोप घ्यायला दुकानात गेले तर गादीवर विश्वनाथ. मग समोर बघितलं. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर अप्पा बसले होते, स्वच्छ धोतरात, मांडीवर कुणाच्या तरी पाण्याच्या मोटारीचं झाकण. या बाजूनं दार आणि देव त्यांच्या जुन्या जागी आले होते. दोन जण आपापले पेच घेऊन त्यांच्यापाशी ताटकळत उभे होते. त्यांनी दिलेला शब्द पाळून गादी सोडली, की पेचकस धरता यावा म्हणून नुसती जागा बदलली, हे मी विचारलं नाही. मला अजून ते कळलेलं नाही.

मी वाकून नमस्कार केला. झाकणाचा पेच दोन बोटांनी फिरवत अप्पांनी तो सहज बाहेर काढला. नवा बोल्ट घ्यायला त्यांचा हात सवयीनं मागं गेला. मागं नुसती भिंत होती. हात भिंतीला लागला आणि परत आला.

“मालक,” त्यांनी समोर बघून हाक मारली, “अर्ध्या इंचाचा बोल्ट दाखवा.”

विश्वनाथ गडबडून उठायला लागला. “अप्पा, मालक काय म्हणता!”

“बसूनच काढा. मागं हात घाला.”

विश्वनाथनं मागं न बघता हात घातला. पहिल्या खणात वायसर निघाले. दुसऱ्यात खिळे. मला तो खण ठाऊक होता, सहा वर्षं बघत होते. मी सांगायला तोंड उघडलं, तर अप्पांनी नजरेनंच मला गप्प केलं.

“शोधू द्या,” ते हळूच म्हणाले.

विश्वनाथनं तिसरा खण ओढला. तोही चुकीचा होता. अप्पा दोन्ही हात मांडीवर ठेवून गिऱ्हाइकासारखे वाट बघत बसले, आणि माझी बस सुटायची वेळ झाली.